फॉर्मवरचे अठरा हजार डॉलर: परदेशी कॉलेजच्या खर्चाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ च्या प्रवेशाचं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, नोकरीचे तपशील आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत. आकडे थोडेफार पूर्ण करून तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात जे काही घडलं ते आकड्यांमुळेच घडलं. प्रवेशाच्या वयातल्या मुलांच्या घरी बसून पैशाचा आराखडा करून देणं हे माझं काम. गार्गीच्या घरी मी गेले तेव्हा कॉलेजचं पत्र येऊन चार-पाच दिवस झाले होते.

गार्गी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढली. वडील प्रकाशराव ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत, वय तेव्हा ५१. आई सुजाताताई एका सहकारी पतपेढीत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साधारण १४ लाख, म्हणजे हातात महिन्याला लाखाच्या जरा वर. धाकटा ओम आठवीत. म्हाडाची जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली, त्यामुळे सगळे टागोर नगरात भाड्याने राहत होते. बँकेत आणि म्युच्युअल फंडात मिळून नऊ लाख, पीएफमध्ये सतरा. राजापूर तालुक्यात जमीन, पण सातबाऱ्यावर तीन भाऊ आणि एक आत्या.

मुलगी जीवशास्त्रात खरोखर हुशार. अकरावीत तिने खाडीकाठच्या खारफुटीतल्या खेकड्यांवर एक प्रकल्प केला होता. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेली तिची वही मी पाहिली आहे. ती केवळ मार्कांसाठी ठेवलेली वही नव्हती. कॉलेजातल्या एका मॅडमनी ती वही बघूनच अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचं नाव काढलं. तिथे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून प्राध्यापकांबरोबर संशोधन करता येतं, वर्ग लहान असतात आणि गरजेनुसार मोठी मदतही मिळते.

ही मदत कशी चालते ते आपल्याकडे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. अशा नामांकित खाजगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट छापील खर्च २०२३ मध्येच वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या पुढे होता. पण हा पूर्ण खर्च सगळेच भरत नाहीत. सीएसएस प्रोफाइल नावाच्या अर्जात घरचं उत्पन्न, बचत, मालमत्ता भरायची, आणि कॉलेज त्यावरून तुमचा वाटा ठरवून उरलेली रक्कम अनुदान म्हणून देतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना पैशाकडे बघतच नाहीत. बाकीची बहुतेक बघतात. म्हणजे दोन सारख्याच मुलांपैकी जिला कमी मदत लागते तिचं पारडं जड होतं. या प्रकरणाची गाठ इथेच पडली.

अडचण

अर्ज भरायला या कुटुंबाने एका सल्लागार संस्थेची मदत घेतली होती. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: पालक वर्षाला किती खर्च उचलू शकतील? प्रकाशरावांनी आधी पाच हजार डॉलर लिहिले होते. सल्लागाराने सांगितलं, इतका कमी आकडा बघून फाइल बाजूला पडेल, पंधरा-वीसच्या घरात लिहा, पुढचं पुढे बघू. घरात बोलणं झालं. चिंचवडचे मामा म्हणाले, मी पाच-सहा लाख देईन. जमीन विकायचा विषय निघाला. शैक्षणिक कर्ज तर मिळतंच, असं सगळ्यांनी धरलं. आकडा ठरला १८,०००.

मार्चच्या शेवटी पूर्व किनाऱ्यावरच्या एका उत्तम, छोट्या कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. एकूण खर्च ८४,००० डॉलर, अनुदान ६३,५००, कॅम्पसवरच्या कामातून अपेक्षित २,५००, कुटुंबाचा वाटा १८,०००. कॉलेजने त्यांच्या बाजूने शब्द पाळला होता. घराने जो आकडा लिहिला तोच बिल होऊन परत आला.

डॉलर तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास होता. वर्षाचे पावणेपंधरा लाख, वर विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे आणि सुरुवातीची मांडामांड. साडेसोळा लाख धरा. रुपया घसरला नाही आणि फी वाढली नाही असं मानलं तरी चार वर्षांचे पासष्ट लाखांच्या पुढे. आणि या दोन्ही गोष्टी होणारच नाहीत असं धरून चालणं हा मोठा धोका होता.

अभिनंदनाचे फोन चालू होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गार्गीचा फोटो फिरला होता. घरात मात्र कोणी कोणाशी पैशाबद्दल बोलत नव्हतं. प्रकाशराव रात्री सगळे झोपल्यावर वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडायचे. मला त्यांनी तो कागद दाखवला. तीन रकाने: ‘आपले’, ‘कर्ज’, ‘जमीन’. तिसऱ्या रकान्यात तीन वेगवेगळे आकडे लिहून खोडले होते. सुजाताताईंनी पतपेढीतून स्वतःच्या नावावर किती कर्ज निघेल याची गुपचूप चौकशी केली होती. आणि गार्गीला तो वीजबिलाचा कागद सापडला होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली, "मला नाहीच जायचं. बाबा, तुम्ही झोपत जा आता."

या वाक्याने प्रश्न सुटायच्या ऐवजी आणखी चिघळला. प्रकाशरावांना वाटलं, आपल्या कमी पडण्यामुळे पोरीने स्वप्न सोडलं. आता काही झालं तरी पाठवायचंच. पैशाची चिंता झाकून ठेवली की घरातला प्रत्येक जण दुसऱ्यासाठी त्याग करायला निघतो, आणि असे निर्णय पुढे फार महाग पडतात. मी पहिल्या भेटीत एवढंच मागितलं की पुढच्या प्रत्येक बैठकीत गार्गी समोर बसेल आणि सगळे कागद तिच्यासमोर उघडे असतील. प्रकाशराव आधी तयार नव्हते. "तिची बारावीची परीक्षा नुकती झालीय, तिला कशाला टेन्शन?" सुजाताताई म्हणाल्या, "अहो, ती आपल्यापेक्षा जास्त टेन्शनमध्ये आहे."

समोर असलेले पर्याय

सगळ्यात आधी कर्ज तपासलं, कारण सगळ्यांचा भार त्यावर होता. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरतं. त्यापुढे तारण हवं, आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चाचा १५ टक्के हिस्सा आपल्या खिशातून. तारण म्हणून घर. पण जुनी इमारत पडलेली आणि नवी अजून उभी राहायची. बँकेने नम्रपणे नकार दिला. सुजाताताईंचं म्हणणं सोपं होतं: घर गहाण टाकायला आधी ते ताब्यात तरी यायला हवं.

वित्त कंपन्या तारणाशिवाय कर्ज देतात, पण पदवीच्या विद्यार्थ्यांना हात आखडता घेऊन, आणि व्याज जास्त. एका ठिकाणी साडेबारा टक्क्यांची तोंडी बोली मिळाली. ५० लाखांचं कर्ज, दहा वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ हजारांचा हप्ता. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. हे ऐकून सगळे थोडा वेळ गप्प बसले. गार्गीने विचारलं की पदवीनंतर तिथे नोकरी मिळाली तर? तिचा प्रश्न बरोबर होता. विज्ञान शाखेच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच एकूण तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, पण पुढचा नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसा सोडतीवर. शिवाय जीवशास्त्राची नुसती पदवी घेतलेल्या मुलाला मिळणारा पगार संगणक शाखेसारखा नसतो, आणि गार्गीला नोकरीपेक्षा संशोधनात जायचं होतं. संशोधक व्हायला निघालेल्या मुलीच्या डोक्यावर हा हप्ता ठेवला तर ती संशोधनच सोडेल, हा माझा स्पष्ट सल्ला होता.

पीएफमधून मुलांच्या शिक्षणासाठी उचल मिळते. ती आणि घरची बचत मिळून फार तर पहिलं वर्ष निघालं असतं. दुसऱ्या वर्षाला काहीच उरलं नसतं आणि निवृत्ती सात-नऊ वर्षांवर. जमिनीचं सुजाताताईंनीच मिटवलं: चार नावं, त्यात आत्याची संमती, मोजणी, गिऱ्हाईक. ऑगस्टच्या आत काही होणार नव्हतं, आणि घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही.

तिसरा मार्ग, कॉलेजला पुनर्विचाराची विनंती. चौथा, एक वर्ष थांबून खरा आकडा लिहून पैसे न बघणाऱ्या कॉलेजांना नव्याने अर्ज. तिथे जगभरातून अर्ज येतात, प्रवेश फार थोड्यांना; नुसत्या त्या भरवशावर वर्ष घालवायला गार्गी स्वतःच तयार नव्हती.

पाचवा मार्ग इथला. आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. पुण्याची आयसर २००६ पासून, भोपाळची २००८ पासून. पाच वर्षांचा तिथला सगळा खर्च त्या अमेरिकी कॉलेजच्या एका सत्राच्या छापील खर्चापेक्षाही कमी. ते नाही जमलं तर रुईया किंवा झेवियर्समध्ये बीएस्सी.

पण इथे तारखांचा पेच होता. अमेरिकी कॉलेजला होकार-नकार कळवायची तारीख १ मे. बारावीचा निकाल मेच्या शेवटी. आयसरची प्रवेश परीक्षा जूनमध्ये. म्हणजे हातातला प्रवेश सोडायचा तो दुसऱ्याचा काहीच पत्ता नसताना. घरातल्या झोपा उडायला पैशाइतकंच हेही कारणीभूत होतं, आणि त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

काय केलं

पहिलं काम, एक मर्यादा ठरवली. कॉलेजकडून काय उत्तर येईल याची वाट न बघता. प्रश्न असा मांडला: पीएफला, जमिनीला, नव्या घराला हात न लावता आणि ओमसाठी तेवढंच बाजूला ठेवता येईल अशा बेताने, गार्गीसाठी वर्षाला किती? दोन संध्याकाळी बसून उत्तर निघालं साडेचार लाख. त्यावर साडेसात लाखांचं बिनतारण कर्ज, जे गार्गीने स्वतः फेडायचं. चार वर्षांचे मिळून साडेपंचवीस लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ६ लाख ४० हजार, प्रवास धरून. कागदावर चौघांनी सह्या केल्या. ओमनेही केली, आणि त्याच्यासाठी तेवढेच ठेवले आहेत हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. आठवीतल्या मुलालाही घरातली ओढाताण कळत असते.

मामांशी सुजाताताई स्वतः बोलल्या. त्यांची तयारी मनापासूनची होती, पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. "दादा, तू देशील हे मला माहीत आहे, म्हणूनच मोजत नाही," असं त्या म्हणाल्या. नात्यातला पैसा हिशेबात न धरल्यामुळे नातंही मोकळं राहिलं.

मग कॉलेजला पत्र. मसुदा गार्गीने लिहिला, मी फक्त लांबी कमी केली. आधीच्या आकड्यात नातेवाइकांची मदत आणि न झालेली जमीनविक्री धरली होती हे सरळ सांगितलं, फॉर्म १६, प्राप्तिकर विवरणपत्रं आणि पुनर्विकासाच्या कराराची प्रत जोडली, आणि मागणी केली: आमचा वाटा ६,००० डॉलर करता येईल का. यावर आमच्यात मतभेद झाला. प्रकाशरावांना ‘न झालेली जमीनविक्री’ हे वाक्य लाजिरवाणं वाटत होतं. पण मदत देणाऱ्या कार्यालयाला नुसता ‘परवडत नाही’ हा शब्द उपयोगाचा नसतो. काय बदललं आणि पुरावा काय, एवढंच ते बघू शकतात. वाक्य राहिलं.

त्याच पत्रात मुदतवाढ मागितली, आणि वर्षभराने रुजू झालं तर मदतीचा पुन्हा विचार होईल का हेही विचारलं. मुदत एक आठवडा वाढली. वर्षभराने आलं तरी मदत तीच राहील असं कळवलं. आणि अनुदान ४,००० डॉलरनी वाढलं. कुटुंबाचा वाटा १४,०००.

हा सगळ्यात अवघड टप्पा. चार हजार डॉलर म्हणजे सव्वातीन लाख रुपये. कॉलेजने खरंच काहीतरी केलं होतं. घरात एकदम उभारी आली, प्रकाशराव म्हणाले, "आता एवढं केलंय त्यांनी, आपणही थोडं ताणू." पण प्रवासासकट वर्षाचे सव्वातेरा लाख म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आधी लिहिलेला कागद नसता तर या चार हजारांच्या आनंदात हे कुटुंब पस्तीस-चाळीस लाखांच्या कर्जात उतरलं असतं, अशी माझी खात्री आहे.

गार्गीने त्या आठवड्यात एक गोष्ट स्वतःहून केली. त्या कॉलेजात आपल्याला नेमकं काय हवं होतं ते लिहून काढलं. लवकर संशोधन, लहान वर्ग, घरापासून लांब जाऊन राहणं, आणि समुद्रकाठचं त्यांचं संशोधन केंद्र. पहिलं आणि तिसरं आयसरमध्ये होतं. दुसरं नव्हतं. चौथं तर नव्हतंच. तिने तेही तसंच लिहिलं. विज्ञानातली पीएचडी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन अशी असते, म्हणजे परदेशाची वाट पाच वर्षांनी स्वतःच्या पैशांशिवाय उघडू शकते, हे तिला ठाऊक होतं. मी त्याची हमी दिली नाही.

७ मेला तिने नकार कळवला. मेल पाठवताना प्रकाशराव बाजूला बसले होते. "हा मी त्याग म्हणून नाही म्हणत आहे बाबा, हिशेब मलाही पटलाय," असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ रडली. दोन्ही खरं होतं.

निकाल

जूनची परीक्षा तिने दडपणाखाली दिली. पुणं मिळालं नाही. पुढच्या फेरीत भोपाळ मिळालं. ऑगस्टमध्ये पंजाब मेलने ती गेली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. गणित आणि भौतिकशास्त्र सगळ्यांना सक्तीचं, बारावीला पीसीबी घेतलेल्या मुलीला ते जड गेलं. त्याच वेळी ओळखीतली एक मुलगी बोस्टनहून फोटो टाकत होती. दिवाळीला घरी आल्यावर गार्गीने स्पष्ट सांगितलं की तिला पस्तावा होतो आहे. आईवडिलांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं. दुसऱ्या वर्षी जीवशास्त्राचे विषय वाढले आणि ती सावरली. आता ती एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करते. उन्हाळ्यात मुंबईत येऊन खाडीतले नमुनेही गोळा करून गेली.

पैशाचं म्हणाल तर वर्षाचा खर्च ठरलेल्या साडेचार लाखांच्या बराच आत आहे. कर्ज काढावं लागलं नाही. दरम्यान डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. १४,००० डॉलरवर आठ रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला एक लाख बारा हजार जास्त, फीवाढ वेगळीच. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत संशोधनाच्या निधीला कात्री लागल्यामुळे पीएचडीच्या जागांचं गणितही २०२३ सारखं राहिलेलं नाही. गार्गी आता जर्मनीचाही विचार करते, जिथे पीएचडी करणाऱ्याला बहुतेक वेळा पगारी पदावर घेतात. नकार देताना जे गृहीत धरलं होतं त्यातलं सगळं तसंच राहिलं असं नाही, आणि हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट त्या रकान्याची. पाच हजारांचा पहिला आकडा खरा होता. तो ठेवला असता तर या कॉलेजने कदाचित प्रवेश दिला नसता. पण मग मार्च-एप्रिलमधली ओढाताणही झाली नसती, आणि अर्जांची यादी वेगळी झाली असती: पैसे न बघणारी दोन-तीन आणि पूर्ण गरज भागवणारी काही, तीही आकडा खरा लिहून. सल्लागाराचा हेतू वाईट नसेल, पण प्रवेश मिळवून देणं हे त्याचं काम होतं, चार वर्षं पैसे भरणं नव्हे. जो आकडा लिहिता तो भरायची तयारी ठेवूनच लिहा, असं मी आता प्रत्येक घरी सांगते, कारण परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बऱ्याच कॉलेजांत तो चार वर्षांसाठी कायम धरला जातो.

मर्यादेचा कागद अर्ज भरण्याआधी, शक्यतो अकरावीतच व्हायला हवा होता. पत्र हातात आल्यावर मर्यादा ठरवणं म्हणजे नाही म्हणायला बसणं. त्यापेक्षा अकरावीत ती ठरली असती तर तिचा उपयोग कॉलेजं निवडायला झाला असता. कर्जाची चौकशीही तेव्हाच, आणि पुनर्विकासातलं घर तारणाला चालत नाही हे मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांना बँकेच्या काउंटरवर गेल्यावरच कळतं.

मेपूर्वी हातात येणारा इथला एखादा प्रवेश असता तर तारखांचा पेच इतका जीवघेणा झाला नसता. काही खाजगी विद्यापीठं लवकर प्रवेश देतात, पण फी मोठी असते. या घराला तो मार्ग नव्हता. गार्गीने अर्जांच्या काळात जूनच्या परीक्षेची तयारी थांबवली नसती, एवढं मात्र करता आलं असतं. अमेरिकेच्या निबंधांत तिचे ते महिने गेले.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या हातात नव्हती, तरी नोंदवते. चौदा लाखांचं उत्पन्न असलेलं घर जवळजवळ प्रत्येक योजनेच्या बाहेर पडतं. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतली व्याजसवलत आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना, तीही देशातल्या निवडक संस्थांसाठी. राज्याची मुलींसाठीची फीमाफी आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, दोन्हींची मर्यादा आठ लाख. ही मदत ज्यांना मिळते त्यांना ती मिळायलाच हवी. पण मधल्या घरांनी ‘काहीतरी स्कॉलरशिप मिळेलच’ या आशेवर बसू नये. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, तीही जुनी करपद्धत निवडली तरच.

ओम आता अकरावीत आहे. त्याला आर्किटेक्चर करायचं आहे. त्याच्या नावाचे साडेचार लाख वर्षाला अजून तसेच धरलेले आहेत, आणि कॉलेजांची यादी करायला तो तो आकडा घेऊनच बसला आहे.